ड्रायव्हर चाचा

पावस गावाच्या अलीकडे खाडीच्या काठाला जो मोहल्ला आहे, तिथे जैनुद्दीनचं घर कुठलं म्हणून विचारलं तर माणसं क्षणभर विचारात पडायची. ड्रायव्हर चाचा म्हटलं की मात्र कुणीही हातातलं काम टाकून दारापर्यंत आणून सोडायचं. नऊ वर्षं आखातात एका अरबाची गाडी चालवून आलेला माणूस, ही त्याची ओळख. शहर कुठलं, हे कधी कुणी विचारलं नाही, कारण मोहल्ल्याच्या लेखी समुद्रापलीकडचं सगळं दुबईच. या ओळखीत खोट एवढीच होती की त्या नऊ वर्षांत जैनुद्दीनने तिकडच्या रस्त्यावर एकदाही गाडी चालवली नव्हती.

त्याला गाडी येत नव्हती असं मात्र कुणी समजू नये. जाण्याआधी तो रत्नागिरीहून कोल्हापूरला टेम्पो न्यायचा, हंगामात आंबा आणि एरवी मासळी. आंबा घाटातलं एकेक वळण त्याला नावानिशी ठाऊक होतं. पावसाळ्यात धुकं उतरलं, पुढची गाडी दिसेनाशी झाली, तरी त्याचा टेम्पो कधी कठड्याला घासला नाही. म्हणून तर एजंटने त्याला ड्रायव्हरचा व्हिसा मिळवून दिला आणि म्हणूनच तो छाती काढून विमानात बसला.

पण परक्या मुलखात आपलं लायसन चालत नाही. तिथे राहायला आलेल्या माणसाने तिथलं काढायचं, तिथल्या पोलिसाला शेजारी बसवून परीक्षा द्यायची. आणि जैनुद्दीनचं घोडं अडलं ते आरशात. टेम्पोला क्लीनर असतो. गाडी मागे घ्यायची झाली की क्लीनर उतरून मागे जातो आणि हौद्यावर थापा मारतो. थापा पडतायत तोवर येऊ दे, एकच जोरात पडली की थांब. जैनुद्दीनने उभ्या हयातीत आरशात बघून गाडी मागे घेतली नव्हती. आरसा होता, पण त्यात बघून तो भांग पाडायचा. इथे शेजारी क्लीनर नाही, गणवेशातला पोलीस, तिकडचा शुर्ता, बसलेला, आणि त्याचं सगळं लक्ष जैनुद्दीनच्या मानेकडे. मान वळली नाही, आरशात नजर गेली नाही, नापास. त्यात घाटातल्या सवयीने हा प्रत्येक वळणावर हॉर्न दाबायचा. एकदा तर शुर्त्याने दोन्ही कान झाकून घेतले आणि भर रस्त्यात त्याला उतरवून दिलं.

आठ वेळा तो नापास झाला. दर खेपेला पुढची तारीख मिळायला महिने जायचे. अरबाब, म्हणजे त्याचा मालक, तसा वाईट माणूस नव्हता. आठव्या खेपेनंतर त्याने केरळचा एक ड्रायव्हर आणला आणि जैनुद्दीनच्या हातात पाण्याचा पाइप नि फडकं दिलं. घरच्या चार गाड्या रोज धुवायच्या, झाडांना पाणी घालायचं. आंबा घाटाचा राजा गाड्या पुसू लागला. पहिले काही दिवस त्याला जेवण गेलं नाही, मग जाऊ लागलं.

असंच एकदा कुणीतरी त्याचा फोटो काढला. नुकतीच धुतलेली पांढरी मोठी गाडी, तिला टेकून उभा असलेला जैनुद्दीन. तो त्याने घरी पाठवला, आणि घोटाळा झाला तो तिथे. बायकोने, बिल्किसने, तो मोहल्लाभर दाखवला. कुणी विचारलं, ही गाडी हाच चालवतो ना? बिल्किस म्हणाली, मग दुसरा कोण चालवणार? जैनुद्दीन ड्रायव्हर झाल्याचं जैनुद्दीनला पत्रातून कळलं. तो काही खोटं बोलला नाही. फक्त उत्तरात त्याने ते खोडलं नाही. नंतर पहिल्या रजेवर आला तेव्हा त्याची छोकरी अमरीन सगळ्या मैत्रिणींना गोळा करून उभी होती, माझे बाबा शेखची गाडी चालवतात म्हणून सांगत होती. त्यानंतर खोडणं त्याच्या हातात राहिलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली तो कायमचा परत आला, आणि लोकांनी त्याला गुरू करून टाकलं. आखातात जाणाऱ्या प्रत्येक घरातून एकच विनवणी, चाचा, आमच्या पोराला तिकडची परीक्षा शिकवा. तो बरेच दिवस टाळत राहिला. मग पावसचे बागायतदार परशुराम लिमये यांची जीप मोडीत निघायला आली. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप, आणि तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला, अगदी तिकडच्या गाड्यांसारखं. लिमये म्हणाले, ‘‘जैनुद्दीन, घेऊन जा. तुझ्याशिवाय ही डाव्या हाताची बया कोण चालवणार?’’ आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

गावाच्या वर जांभ्या दगडाचा सपाट सडा आहे. पावसाळा सोडला तर तिथे गवतसुद्धा नावालाच. त्या सड्यावर त्याने चिरे मांडून रस्ते आखले, चौक केले, गाडी मागे घालायची चौकट केली. जीपचे आरसे कधीच पडून गेले होते, म्हणून न्हाव्याकडचे दोन आरसे तारेने बांधले. आणि शिकवायला लागल्यावर त्याची त्यालाच गंमत वाटली. आपल्याला सगळं येत होतं! जो पहिल्या फटक्यात पास होतो त्याला परीक्षा कळत नाही. जो आठ वेळा आपटतो त्याला शुर्त्याच्या भुवईचीसुद्धा खबर असते. कुठे मान वळवायची, कुठे हॉर्नवरचा हात काढून मांडीवर ठेवायचा, पोलीस बोलत नसला तरी काय पाहतो, हे जैनुद्दीनइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. ‘‘आरसा! मान! परत आरसा!’’ असं तो सड्यावर ओरडायचा तेव्हा खालच्या बागेतले गडी हसायचे.

त्याचे शिष्य पास होऊ लागले. कुणी दुसऱ्या खेपेला, कुणी तिसऱ्या. आणि सगळ्यांत हुशार निघाला अरीब, त्याच्या सख्ख्या बहिणीचा, खैरूनचा, एकुलता एक पोर. लहानपणी बाप गेलेला, मामाच्या अंगाखांद्यावर वाढलेला. जैनुद्दीनने अमरीन त्यालाच दिली होती. जावई झाला तरी अरीब त्याला मामूच म्हणायचा, आणि जैनुद्दीनला तेच बरं वाटायचं. पोराचा हात हलका होता, नजर तेज होती. दोन हजार दोनमध्ये तो गेला आणि एका दमात पास झाला. लायसन हातात आल्यावर पहिला फोन त्याने आईला नाही, बायकोला नाही, मामूला केला.

‘‘मामू, शुर्त्यानं विचारला, कुठं शिकलास? मी म्हटला, रत्नागिरीत!’’

त्या दिवशी मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. जैनुद्दीन पडवीत जाऊन एकटाच रडला. लाज आणि आनंद दोन्ही एकाच वेळी डोळ्यांतून वाहत होती. आपली वाया गेलेली वर्षं कुणाच्या तरी कामी आली, असं त्याला मनापासून वाटलं, आणि त्या वाटण्यात खोटं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी अमरीनला मुलगी झाली, झारा. अरीबने तिला फोटोतच पाहिलं होतं. रजा उन्हाळ्यात मिळणार होती.

डिसेंबरातली गोष्ट. अरीबचा फोन बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी यायचा आणि तो एकट्या घराचा नसायचा. खैरून तिच्या घरातून यायची, शेजारपाजारच्या दोघी-तिघी यायच्या, बिल्किस फोनचं स्पीकरचं बटण दाबायची आणि सगळी जमात ऐकत बसायची. त्या शुक्रवारी झाराचं हुंकारणं ऐकवून झालं, आईची चौकशी झाली, आणि अरीब म्हणाला, ‘‘मामू हायत काय जवळ?’’

‘‘हाय रे. बोल.’’

‘‘मामू, उद्या पहाटे लांबच्या इस्पितळात जायचा हाय. अरबाबच्या आईला घरी आणायला. जाताना मी एकटाच. इथं दोन दिवस असला धुका पडतंय, हात समोर धरला तर दिसत नाय. हमरस्ता मोठा हाय, गाड्या थांबत नायत. मी असल्यात कधी चालवली नाय. वाटेत दाटून आला तर काय करायचा? तुमी काय करायचात?’’

सगळ्यांनी जैनुद्दीनकडे बघितलं. खैरूनने पदर सावरला आणि मान पुढे केली. शेजारणीच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. आता हा सांगणार, आणि दुबईतला प्रश्न रत्नागिरीत बसून सुटणार.

जैनुद्दीनला तो हमरस्ता माहीत होता तो मागच्या सीटवरून. केरळवाला चालवायचा, हा कधीमधी पोती उचलायला सोबत जायचा, आणि बहुतेक वेळ झोपलेला असायचा. धुक्यात तिथले लोक काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. ‘तुझ्या खोलीतल्या, नाटे गावच्या इकलाखला विचार, तो तिथला जुना ड्रायव्हर आहे,’ हे वाक्य त्याच्या अगदी ओठांपर्यंत आलं. आलं, आणि त्याने ते गिळलं. नऊ वर्षं ड्रायव्हर असलेला माणूस असं कसं म्हणेल?

मग त्याने त्याला येत होतं ते सांगितलं. आंबा घाटातलं.

‘‘घाबरायचा नाय. धुका दाटला की मर्दुमकी दाखवायची नाय. गाडी रस्त्याच्या कडेला लाव, मागचे लाल दिवे पेटते ठेव, म्हंजे मागून येणाऱ्याला तू दिसशील. नि खाली उतरू नको. पट्टा बांधून आत बस. धुका आपसूक उठतो.’’

पलीकडे अरीब जरा घुटमळला. ‘‘पण मामू, इथली माणसा म्हणतात, डांबरावर थांबूच नको. पार खाली वाळूत उतर, दिवे बंद कर, नि गाडीपासून लांब जाऊन बस.’’

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. पण शेजारीण ऐकत होती, बहीण ऐकत होती, पोटची मुलगी मांडीवर नात घेऊन ऐकत होती.

‘‘दिवे बंद?’’ जैनुद्दीन हसला. ‘‘धुक्यात कोण दिवे बंद करतो रे? लोकांचा काय ऐकतंस? मी नऊ वर्षा काढली तिथं.’’

‘‘बरा मामू,’’ अरीब म्हणाला. त्याच्या आवाजातली काळजी गेली होती, ते सगळ्यांना ऐकू आलं.

आंबा घाटात ते सांगणं सोळा आणे खरं होतं. घाटात गाड्या बैलगाडीच्या चालीने चढतात, मागचा पुढच्याचा लाल दिवा पाहून त्याच्या मागे उभा राहतो, आणि धुकं उठेस्तोवर रांग लागते. तिकडच्या सरळसोट रस्त्यावर ट्रेलर धुक्यातही भरधाव येतात. लाल दिवा दिसला की मागच्याला वाटतं पुढे गाडी चालली आहे, आपणही तिच्या मागे जावं. ती उभी आहे हे कळतं तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा बिल्किस मासे साफ करत होती. जैनुद्दीनने उचलला. इकलाख होता. त्याने सलाम केला. मग म्हणाला, ‘‘चाचा, आपला अरीब गेला.’’

घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. खैरून खाडीच्या दिशेने धावत सुटली आणि बायांनी तिला मध्येच धरलं. ती ओरडत होती, माझ्या पोराला परत आणा. पण मागून ट्रेलर आदळल्यावर शरीर इतक्या लांब आणण्यासारखं राहिलं नव्हतं. तिथल्याच कबरस्तानात मिट्टी झाली. इकलाखने आणि खोलीतल्या चौघांनी खांदा दिला. आईने पोराचं तोंड पाहिलं नाही, आणि पोराने आपल्या मुलीचं.

चार दिवसांनी इकलाखचा पुन्हा फोन आला. या वेळी त्याला बोलायचं होतं. बटण दाबायला कुणी नव्हतं, जैनुद्दीन एकटाच कानाला लावून उभा होता.

‘‘चाचा, मना एकच गोष्ट समजत नाय. त्या दिवशी बाकी सगळे वाळूत उतरले होते. लांब जाऊन बसले, वाचले. हा एकटाच डांबराच्या कडेला. दिवे पेटवून, पट्टा बांधून. मी त्याला इतक्यांदा सांगितला होता! कुणी त्याच्या डोक्यात घातला असेल?’’

‘‘अल्ला जाणे,’’ जैनुद्दीन म्हणाला, आणि त्याने फोन ठेवून दिला.

अमरीन आतल्या खोलीत, नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीला बसली होती. तिने काही विचारलं नाही. रडणंही तिचं थांबलं होतं. झाराला पाजताना ती भिंतीकडे बघत बसायची. जैनुद्दीन ताट घेऊन गेला की ती ताट घ्यायची, बापाकडे बघायची नाही.

महिना झाला असेल, मोहल्ल्यातला हमीद सांजावताना पडवीत येऊन बसला. आधी अरीबची आठवण काढली, डोळे पुसले. मग चाचरत म्हणाला, ‘‘चाचा, वेळ नाय ही, ठाव हाय मना. पण आमच्या रय्यानचा व्हिसा आलाय. अरीब तुमच्या हातचा, एका दमात पास झेला. धुक्याला कोण काय करणार, मौत लिहिलेली होती. चार दिस पोराला सड्यावर न्या. तुमच्यासारखा जाणता आता कोण हाय?’’

जीप नादुरुस्त आहे, असं काहीतरी जैनुद्दीन पुटपुटला. हमीद म्हणाला, घाई नाही, दुरुस्त झाली की सांगा, आणि उठून गेला.

‘‘बाबा,’’ आतून हाक आली. ‘‘आत या.’’

खोलीत झारा झोपली होती. अमरीनने त्याला बसायला सांगितलं नाही.

‘‘तिथं तुमी किती वेळा धुक्यातनं गाडी चालवलीत?’’

जैनुद्दीनने दाराची चौकट धरली. ‘‘एकदाय नाय.’’

‘‘नि धुका नसताना?’’

त्याला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी. इतकी वर्षं याच एका प्रश्नाला तो भीत आला होता, आणि तो विचारला गेला तेव्हा उत्तर द्यायला काहीच जड गेलं नाही.

‘‘एकदाय नाय. मना लायसन मिळालाच नाय कधी, बेटा. मी गाड्या धुवायचो.’’

अमरीन किंचाळेल, अंगावर धावून येईल, असं त्याला वाटत होतं, आणि तसं तिने करावं असंही वाटत होतं. तिने फक्त झाराच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

‘‘मी तुमच्यासमोर बसलेली होती,’’ ती म्हणाली. ‘‘तो म्हणत होता, इथली माणसा वाळूत उतरा सांगतात. तुमी हसलात.’’

‘‘मी खैरूनला सांगतो, तुझ्या फुपूला,’’ जैनुद्दीन म्हणाला. ‘‘आत्ताच जातो. मशिदीत सगळ्यांसमोर सांगतो. लोकांनी दगड मारले तरी चालतील मना.’’ आणि हे म्हणताना त्याच्या छातीवरचं ओझं खरंच हललं. मार खाऊन मोकळं होण्याची वाट त्याला दिसली.

‘‘नाय,’’ अमरीन म्हणाली.

‘‘बेटा...’’

‘‘नाय सांगायचा. फुपूला वाटतंय, तिच्या पोराला जाणत्या माणसानं शिकवला, नि धुक्यानं मारला. रोज रात्री ती त्यावर झोपते. तुमाला हलका वाटावा म्हणून मी तिच्याकडनं तेवढाय घेऊ? रय्यानला शिकवायचा नाय, कुणालाच नाय. ती जीप परत द्या. पण सांगायचा नाय. तुमी ड्रायव्हर होता, ड्रायव्हरच रहा. मरेपर्यंत.’’

एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

जीप त्याने लिमयांकडे नेऊन लावली. हमीदने मुलाला रत्नागिरीच्या शिकवणीला घातलं. लोक म्हणाले, जावयाच्या दुःखाने चाचा खचला, आणि त्याला अधिकच मान देऊ लागले.

खैरून त्यानंतर रोज संध्याकाळी भावाकडे येऊ लागली. एकट्या घरात तिला दिवेलागण सोसवायची नाही. सुरुवातीला नुसती बसायची. मग एके दिवशी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, ‘‘भाई, मी तो मुलूख बघितला नाय. माझा पोर रोज कुठून जायचा, त्याला काय दिसायचा, मना ठाव नाय. तू तर त्याच रस्त्यांवर गाडी चालवलीस. सांग ना मना. सकाळी तो गाडीत बसला की पुढं काय?’’

जैनुद्दीनने आतल्या दाराकडे पाहिलं. अमरीन मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. या वेळी ती थेट त्याच्याकडे बघत होती.

‘‘सकाळी आधी गाडी चालू करून ठेवायची,’’ जैनुद्दीन म्हणाला. ‘‘थंड हवा आत खेळू द्यायची. मग फाटकातनं बाहेर पडला की उजव्या हाताला मोठा चौक लागतो...’’

‘‘हां,’’ खैरून म्हणाली, आणि डोळे मिटून ऐकू लागली. ‘‘मग?’’